दगडफुलाचा पितृविषय

विश्वकोशाच्या विज्ञान विभागात बाई रुजू झाल्या, तेव्हा विभागप्रमुखांनी त्यांना खुर्चीवर बसू देण्याआधीच सांगितलं, "आधी मांडणी, मग मजकूर. एवढं लक्षात ठेवलंत की झालं." हे वाक्य ते दिवसातून पाच-सहा वेळा म्हणत, म्हणून सगळा विभाग त्यांना पाठीमागे मांडणीसाहेब म्हणायचा. तोंडावर म्हणायची सोय नव्हती. साहेबांना विनोद कळत नसे, आणि चुकून कळलाच तर तो कुठल्या प्रकारात मोडतो हे ते विचारून घेत.

बाई म्हणजे शाळेतल्या बाई. बावीस वर्षं त्यांनी विज्ञान शिकवलं होतं. मुलं कमी होत गेली, शाळा बंद पडली आणि बाईंची रवानगी इथे झाली. पन्नाशी ओलांडलेली, आवाज खणखणीत, आणि वाक्य समजलं नाही की "म्हणजे काय?" असं विचारायची खोड. वर्गात ही खोड शोभायची. कार्यालयात ती अंगाशी येते, हे त्यांना पहिल्याच आठवड्यात कळलं.

विश्वकोश छापील नव्हता, इंटरनेटवर होता. कुणीही, कुठूनही, फुकट वाचावा असा. त्यात वाचण्यासारखं फारसं नव्हतं, एवढीच अडचण. साहेबांचं स्वप्न असं, की जगातलं सगळं विज्ञान एका झाडात बसवायचं. 'विज्ञान' हे खोड, त्याला फांद्या, फांद्यांना डहाळ्या, अशा खाली खाली नऊ पायऱ्या. प्रत्येक विषयाला एक जागा आणि एक क्रमांक. हे झाड लांबलचक कागदी पट्ट्यांवर छापून खोल्यांबाहेरच्या बोळाच्या भिंतीवर चिकटवलं होतं. ते साहेबांच्या दारापासून निघे, पाण्याच्या पिंपाला वळसा घाली आणि पुरुषांच्या स्वच्छतागृहाच्या दारात भूविज्ञानापाशी संपे. भूविज्ञानाच्या सल्लागारांनी या जागेबद्दल दोनदा लेखी हरकत घेतली होती.

दोन वर्षांत अकरा हजार चारशे शीर्षकं तयार झाली होती. लिहून झालेले लेख होते एकसष्ट. त्यातले नऊ साहेबांचे स्वतःचे, आणि नऊच्या नऊ 'वर्गीकरण' या विषयावर.

"आणि बाकीची पानं?" बाईंनी विचारलं.

"ती निर्माणाधीन आहेत."

"म्हणजे काय?"

"म्हणजे जागा तयार आहे. ज्ञान आलं की बसेल."

घरी बाईंचे सासरे होते. चौतीस वर्षं टपाल कचेरीत पत्रं खणांमध्ये लावायचं काम करून निवृत्त झालेले. नवरा पाणीपुरवठ्यात पाळीवर, त्यामुळे संध्याकाळी सून दमून आली की चहा सासरेच करायचे, आणि कचेरीची हकीगत ऐकल्याशिवाय कप हातात द्यायचे नाहीत. पहिल्या दिवसाची हकीगत ऐकून ते म्हणाले, "म्हणजे मांडणी भिंतीला ठोकून दोन वर्षं झाली, आणि भांडी एकसष्ट?"

"एकसष्ट. त्यातले नऊ नुसते झारे, बाबा."

बाईंच्या वाट्याला 'सजीव' ही फांदी आली. त्यांना त्या कामाची गोडी लागली, हे नाकारून चालणार नाही. वटवाघूळ उचलून सस्तन प्राण्यांत नेऊन ठेवताना घर आवरल्यासारखं वाटे. देवमाशाला माशांमधून सोडवलं त्या दिवशी तर त्या डबा खायला विसरल्या. साहेबही खूश होते. "बाईंच्या फांदीवर एकही पान वाकडं नाही," असं त्यांनी सभेत सांगितलं. एकही पान लिहिलेलं नाही, हे कुणी बोललं नाही.

चौथ्या महिन्यात दगडफूल आडवं आलं.

दगडफूल सगळ्यांनी पाहिलेलं असतं. जुन्या दगडावर, झाडाच्या सालीवर करड्या-हिरव्या खपल्या धरतात, तेच. पुस्तकात त्याला शैवाक म्हणतात. ते एक झाड वाटतं, पण तो एक जीव नाहीच. एक बुरशी आणि एक शेवाळ यांचा तो संसार आहे. बुरशी घर धरून ठेवते, शेवाळ उन्हात अन्न बनवतं. दोघांना वेगळं केलं तर दगडफूल म्हणून काही उरत नाही.

आता हे ठेवायचं कुठे? संगणकावर नवं पान उघडलं की पहिलाच रकाना होता 'पितृविषय क्रमांक', म्हणजे हा विषय कुणाच्या पोटचा. क्रमांक एकच लिहायचा. रकाना रिकामा ठेवला की पडद्यावर लाल अक्षरं येत आणि लिहिलेलं सगळं पुसलं जाई.

विभागात एक संगणकवाले होते. टक्कल पडलेले, दोन लेकींची लग्नं उरकून निवांत झालेले गृहस्थ. बाई त्यांच्याकडे गेल्या.

"याला दोन बाप लावता येत नाहीत का?"

"येतात की. अर्ध्या तासाचं काम. साहेबांनी नको म्हटलंय. म्हणाले, शिस्त बिघडेल."

"मग मातृविषय तरी?"

संगणकवाल्यांनी चष्मा कपाळावर चढवला. "तो रकानाच नाही, बाई. कुणाच्या डोक्यातच आलं नाही."

बाईंनी रीतसर टिपण लिहून साहेबांपुढे ठेवलं. साहेबांनी सल्लागार समितीची सभा बोलावली. समितीत दोन मोठे तज्ज्ञ होते. एकाने हयात शेवाळात घालवली होती, दुसऱ्याने बुरशीत. विभाग त्यांना शेवाळवाले आणि बुरशीवाले म्हणायचा. वीस वर्षांपूर्वी एका प्रयोगशाळेतल्या खिडकीजवळच्या टेबलावरून त्यांचं बिनसलं होतं, आणि तेव्हापासून ते एकमेकांशी फक्त तिसऱ्या माणसामार्फत बोलत.

पहिल्या सभेत दोघांनीही हात झटकले. "आमच्या शाखेत अर्धवट माल नको," शेवाळवाले साहेबांना म्हणाले. बुरशीवाल्यांनीही साहेबांनाच सांगितलं, "आमच्याकडे तसंही खूप आहे. त्यांना जरा विषय कमी आहेत, त्यांना द्या."

"कमी" हा शब्द शेवाळवाल्यांच्या जिव्हारी लागला. दुसऱ्या सभेला ते सतरा संदर्भग्रंथ घेऊन आले आणि दगडफूल हे मुळात शेवाळच कसं आहे, हे त्यांनी पावणेदोन तास सांगितलं. तिसऱ्या सभेला बुरशीवाले बावीस ग्रंथ घेऊन आले. चौथ्या सभेत दोघांनी साहेबांमार्फत एकमेकांची अक्कल काढली. साहेब निरोप इकडून तिकडे पोचवत होते आणि इतिवृत्तात नोंदवत होते. मध्येच बाई म्हणाल्या, "ते दोघे एकत्र राहतात, हाच तर त्या विषयाचा गाभा आहे ना?" त्यावर दोन्ही तज्ज्ञांनी प्रथमच एकाच वेळी एकाच माणसाकडे पाहिलं. ते पाहणं प्रेमाचं नव्हतं.

शेवटी साहेबांनी तोडगा काढला. 'निम्न सजीव' या डहाळीच्या अगदी टोकाला दगडफुलाचं नाव टांगलं, खाली 'स्थान विचाराधीन' असं लिहिलं आणि समितीचा निर्णय होईपर्यंत त्या पानाला कुलूप घातलं. समितीची पुढची तारीख पाच महिन्यांनंतरची होती.

तिसऱ्याच आठवड्यात बाईंच्या टेबलावरचा फोन वाजला. विश्वकोशाच्या 'संपर्क' पानावर हाच क्रमांक होता, पण दोन वर्षांत त्यावर चुकून लागलेल्या फोनांशिवाय काही आलं नव्हतं.

"विश्वकोश का?"

"हो, बोला."

"मी गवंडी बोलतोय. वाचनालयाची जुनी दगडी भिंत दुरुस्तीला घेतलीय. तिच्यावर हिरवट-करड्या खपल्या आहेत. मंडळी म्हणतायत खरवडून काढ. माझा हात होईना. जिवंत वाटतं ते. म्हटलं आधी वाचावं. लेकीने तुमचं ते काढून दिलं."

"मग, मिळालं?"

"कसलं मिळतंय! विज्ञान दाबलं. मग सजीव. मग त्याच्या खाली, मग त्याच्याही खाली... आठ जिने उतरलो बाई मी. तळाला गेलो तर पांढरं पान. 'स्थान विचाराधीन.' परत आठ जिने चढून वर आलो. एवढ्यात माझी अर्धी भिंत झाली असती."

बाईंना हसू आलं, आणि पाठोपाठ कान गरम झाले. शाळेत फळा कोरा ठेवून त्यांनी कधी तास घेतला नव्हता.

"खरवडू नका," त्या म्हणाल्या. "ते दगडाला इतकं घट्ट धरून असतं की त्याच्याबरोबर दगडाचा वरचा पापुद्राही निघून येईल. सांध्यांत चुना भरायचा तेवढ्याच जागी आधी पाणी मारा, मऊ कुंचल्याने हळू काढा. बाकीचं राहू द्या. फार सावकाश वाढतं ते. काही तर वर्षाला केसभर. आणि भिंतीत पाणी कुठून मुरतंय ते बघा. खरा त्रास पाण्याचा असतो." मग त्यांनी बुरशी आणि शेवाळाच्या संसाराची गोष्ट सांगितली. गवंडी मध्ये मध्ये "असं होय" करत ऐकत राहिला.

"एवढं तोंडपाठ आहे तुम्हाला," तो शेवटी म्हणाला, "मग तिथे लिहीत का नाही?"

"जागा ठरायची आहे."

"कुणाची?"

"त्याची. दगडफुलाची."

"ते तर भिंतीवर आहे की हो," गवंडी म्हणाला आणि त्याने फोन ठेवला.

बाईंनीही फोन ठेवला. मग त्यांनी कागद ओढला आणि जेवणाच्या सुट्टीच्या आत दोन पानं लिहून काढली, फोनवर बोलल्या तशीच. दुपारी त्यांनी संगणकवाल्यांना विचारलं, "पितृविषय म्हणून कुठलाही क्रमांक चालतो?"

"यंत्राला चालतो. यंत्राला कुठे लाज आहे?"

बाईंनी भिंतीवरच्या पट्ट्या वाचत वाचत पाण्याच्या पिंपापर्यंत मजल मारली. तिथे अभियांत्रिकी होती, तिच्याखाली बांधकाम, तिच्याखाली भिंत. त्यांनी क्रमांक हाताच्या तळव्यावर लिहून घेतला, परत येऊन रकान्यात भरला. लाल अक्षरं आली नाहीत. 'भिंतीवरचं दगडफूल' हे पान जगाला दिसू लागलं.

साहेबांना ते कळायला दीड महिना लागला. विश्वकोश वाचण्याची त्यांना सवय नव्हती. ते फक्त झाड पाहत. वार्षिक तपासणीत बांधकामाच्या डहाळीवर एक शीर्षक जास्त भरलं, तेव्हा त्यांचा चेहरा उतरला. त्यांनी बाईंना बोलावलं. दोन्ही तज्ज्ञांनाही बोलावलं, आणि त्या दिवशी शेवाळवाले आणि बुरशीवाले वीस वर्षांत पहिल्यांदा शेजारी शेजारी बसले.

"जिवंत गोष्ट तुम्ही विटा आणि सिमेंटच्या खाली घातलीत," साहेब म्हणाले. "उद्या तुम्ही माणसाला फर्निचरमध्ये घालाल."

"काही माणसं बसतील तिथे," बाई म्हणाल्या. मग त्यांना वाटलं, हे बोलायला नको होतं.

"हा शिस्तभंग आहे. अकरा हजार चारशे शीर्षकांच्या रचनेला तुम्ही एका... एका खपलीसाठी..."

दार उघडलं आणि संस्थेच्या संचालिका आत आल्या. त्या नेहमी घाईत असत आणि बसत नसत. हातात एक कागद होता.

"बरं झालं सगळे इथेच आहात. अभिनंदन! गेल्या महिन्यात आपल्या सबंध विश्वकोशात सगळ्यात जास्त वाचलं गेलेलं पान तुमच्या विभागातलं आहे. दगडफूल. गवंडी वाचतायत, माळी वाचतायत, एका शाळेने फळ्यावर उतरवून घेतलंय. लोकांना ते भिंतीखाली शोधायचं कसं सुचलं, मला कळत नाही. पण ते तिथेच शोधतायत. कुणाची कल्पना ही?"

बाईंनी साहेबांकडे पाहिलं. साहेबांच्या चेहऱ्यावर दोन माणसं एकाच खुर्चीसाठी भांडत असल्यासारखं काहीतरी चाललं होतं. मग त्यातला एक बसला.

"विभागाचा एक विचारपूर्वक केलेला प्रयोग आहे, मॅडम," साहेब म्हणाले. "लवचीक स्थाननिश्चिती. त्याच्याच आढाव्यासाठी ही बैठक होती."

"उत्तम," म्हणून संचालिका निघून गेल्या. शेवाळवाले छताकडे बघत होते. बुरशीवाले म्हणाले, "मूळ सूचना बहुधा माझ्या तिसऱ्या सभेतल्या भाषणात होती." आणि ते तिथल्या तिथे परत भांडायला लागले.

पुढच्याच महिन्यात साहेबांनी एका परिषदेत 'लवचीक स्थाननिश्चिती' या विषयावर निबंध वाचला. निबंधात दगडफूल होतं, बाई नव्हत्या. परतल्यावर त्यांनी बाईंना बक्षीस आणि शिक्षा एकाच कागदावर दिली. 'इतर' या नावाचा एक नवा उपविभाग, त्याच्या प्रमुख बाई, कर्मचारीही बाई, खोली जिन्याखालची. पूर्वी तिथे मोडकी टंकयंत्रं ठेवत. जे विषय झाडात बसत नाहीत ते सगळे यापुढे तिकडे पाठवावेत, म्हणजे झाड स्वच्छ राहील.

त्या संध्याकाळी बाई घरी आल्या त्या पाय आपटतच. "जिन्याखाली टाकलं मला, बाबा. अडगळीत!"

सासऱ्यांनी कप पुढे केला. "आमच्याकडेही होता तसा एक खण. सगळ्यांवर गावांची नावं, त्याच्यावर काहीच नाही. पत्ता लागत नाही ती पत्रं त्यात पडायची."

"मग? तशीच सडायची?"

"सडायला काय! कडक नियम होता. संध्याकाळी तो खण रिकामा झाल्याशिवाय कुणी घरी जायचं नाही. सगळ्यात जुन्या पोस्टमनला बसवायचं, तो अक्षर बघून, आडनाव बघून सांगायचा, हे अमक्या गल्लीत टाक. दहातली आठ बरोबर पोचायची. बाकीच्या खणांचं काम कुणीही केलं असतं, अगं. अक्कल लागायची ती त्याच खणाला."

बाईंनी चहा संपवला आणि दुसऱ्या दिवशी जिन्याखाली जाऊन आधी जळमटं काढली.

विषय यायला लागले. विषाणू आला, कारण तो सजीव की निर्जीव यावर समिती फुटली होती. धूळ आली, कारण ती सगळ्याच शाखांवर बसते. उचकी, गुदगुल्या, मृगजळ. बाईंनी नियम केला, आलेल्या विषयाचा लेख आठवड्याच्या आत लिहायचा. मान्यता कुणाची घ्यायची हे कुठेच लिहिलेलं नव्हतं, कारण 'इतर'साठी समितीच नव्हती. संगणकवाले सुट्टीत खाली येऊन मोडक्या टंकयंत्रावर बसत आणि नवा लेख मोठ्याने वाचून घेत. जिथे ते अडखळत, तिथे बाई वाक्य बदलत. वर्ष झालं तेव्हा 'इतर'मध्ये दोनशे बारा लेख होते. उरलेल्या सगळ्या झाडात चौऱ्याहत्तर. साहेबांच्या 'वर्गीकरणा'वरच्या लेखांची संख्या तेवढी बारा झाली होती.

साहेबांना हे आकडे दिसले तेव्हा ते स्वतः जिना उतरून आले. बाईंना वाटलं, आता दोन शब्द चांगले बोलतील. त्यांनी खोलीभर नजर फिरवली, लेखांची यादी पाहिली आणि हळहळत म्हणाले, "बाई, हे सगळं असं विस्कळीत कसं चालेल? 'इतर'ची मांडणी करायला हवी." ते लगेच कामाला लागले. 'इतर'ला पाच फांद्या आणि सात पायऱ्या त्यांनी महिन्याभरात पाडल्या. सातव्या पायरीवर पोचले, तेव्हा त्यांना एका संग्रहालयाच्या संचालकपदाचं पत्र आलं. निरोप समारंभात ते भावूक झाले. संग्रहालयात पंचवीस हजार वस्तू आहेत आणि एकीलाही क्रमांक नाही, हे त्यांनी दोनदा सांगितलं. टाळ्या मनापासून वाजल्या. बाईंनीही वाजवल्या.

नवे विभागप्रमुख जाहिरातीच्या धंद्यातून आलेले होते. पहिल्याच सकाळी त्यांनी बाहेरच्या पट्ट्या पाहिल्या आणि विचारलं, "हे काय?" कुणीतरी सांगितलं. "काढा. शोधायला एक रकाना ठेवा, पुरे."

संगणकवाल्यांनी लेख तेवढे ठेवून अर्ध्या तासात अकरा हजारांवर रिकामी शीर्षकं काढून टाकली. शिपाई पट्ट्या फाडू लागला. भूविज्ञानापासून सुरुवात केली. फाडण्याचा आवाज ऐकून बाई वर आल्या आणि 'सजीव'पाशी त्यांनी त्याचा हात धरला. त्यांना स्वतःचंच आश्चर्य वाटलं. वटवाघूळ तिथे होतं, देवमासा तिथे होता, चार महिन्यांच्या दुपारी तिथे होत्या. चूक होती ती रकान्याची. प्राणी आपापल्या जागी किती नीट बसले होते! त्यांनी ती पट्टी हलक्या हाताने सोडवून गुंडाळली आणि काखेत धरली.

"बाई, तुम्हीच ना त्या 'इतर'वाल्या?" नवे प्रमुख मागे उभे होते. "तुमचे लेख पाहिले. छान आहेत. फार लांब आहेत. लोकांना वेळ नसतो. यापुढे एक विषय, ऐंशी शब्द."

"आणि विषय ऐंशी शब्दांत मावला नाही तर?"

"मग विषय बदला," ते हसत म्हणाले आणि भिंतीला कुठला रंग द्यायचा हे बघायला पुढे गेले.

बाई जिना उतरून खोलीत आल्या. पट्टी त्यांनी कपाटावर ठेवली. टेबलावर जांभईवरचा लेख अर्धा होता, आणि त्या अर्ध्याचेच तीनशे शब्द झाले होते. संगणकवाले टंकयंत्रावर येऊन बसले होते. "वाचू?" त्यांनी विचारलं. "थांबा जरा," बाई म्हणाल्या, "अजून कुत्र्याला माणसाची जांभई कशी लागते ते यायचंय." त्यांनी दार लोटलं आणि लिहायला बसल्या.